अक्कांनी ऐकलेली कादंबरी

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी सासूबाईंना काही दिवस स्वयंपाकघर आणि टीव्ही, दोन्हींपासून लांब राहायला सांगितलं. त्यांना घरात सगळे अक्का म्हणतात. देवपुरातल्या आमच्या घरी दुपारी आम्ही दोघीच असायचो. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्या सत्रात एक जुनी, गाजलेली इंग्रजी कादंबरी शिकवायची होती. माणसाचा गर्व आणि घाईने बनवलेली मतं यांची गोष्ट. अक्कांच्या डोळ्यात थेंब घातले, की मी टिपणं काढायला बसायचे.

मी जामनेरची, अक्का नरडाण्याजवळच्या खेड्यातल्या. घरात त्या अहिराणीच बोलत, पण माझ्याशी फारसं बोलतच नसत. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी आमचं बोलणं चहा आणि भाजीपलीकडे गेलं नव्हतं. त्या घमेंडी आहेत, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"काय वाची राहिनी एवढं?" तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

वेळ जावा म्हणून मी गोष्ट सांगायला लागले. एक श्रीमंत तरुण नाचाच्या समारंभाला येतो. कोणाशी नीट बोलत नाही. एका मुलीबद्दल तिरकस काहीतरी म्हणतो, ते तिच्या कानावर पडतं. त्या दिवसापासून ती त्याला गर्विष्ठ समजते.

अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्याले गर्व नही शे. त्याले चार लोकांमा बोलता येस नही."

वर्गातल्या मुलांना हे समजावायला माझे दोन तास जातात. "तुम्हाला कसं कळलं?"

"माले बी येस नही."

मला एकदम आठवलं. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी पहिल्यांदा घरी आल्या, तेव्हा मी तीनदा हाक मारूनही अक्का बाहेर आल्या नव्हत्या. तो अपमान मी वर्षानुवर्षं जपला होता. त्या दिवसाबद्दल विचारलं, तेव्हा त्या सांगायला लागल्या. त्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या प्राचार्यांचा फोन आला होता. तो अक्कांनी उचलला आणि त्या आपल्या बोलीत बोलू लागल्या. मी घाईने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "द्या, मी बोलते." मैत्रिणींपुढे आपण तोंड उघडलं, तर सुनेला खाली बघावं लागेल, असं त्यांना वाटलं. म्हणून त्या आतच बसून राहिल्या.

मला तो फोन आठवतही नव्हता. त्यांना माझा शब्दन् शब्द आठवत होता.

"चुकलं माझं, अक्का."

"मन्हं बी चुकनं," त्या म्हणाल्या. "मी ईचारी लेतू ते बरं व्हतं."

मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण लगेच म्हणाल्या, "मंग? पुढे काय व्हयनं?"

डोळा बरा झाला, तरी दुपारचं वाचन चालू राहिलं. गैरसमज मिटवायला नायक लांबलचक पत्र लिहितो, तेव्हा अक्का त्याच्यावर चिडल्या. समोर जाऊन सांगायला काय झालं होतं, म्हणाल्या. शेवटी लग्न ठरलं, तेव्हा मात्र त्या खुशीत होत्या. जेवणाला काय काय केलं होतं, असं त्यांनी विचारलं. ते पुस्तकात लिहिलेलं नाही, असं मी सांगितलं. इतकं मोठं पुस्तक लिहून लग्नाच्या जेवणाचं काहीच नाही, हे त्यांना अजिबात पटलं नाही.