उन्हाचं मलम

हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या औषधांच्या दुकानात मी सोळा वर्षं फार्मासिस्ट आहे. मार्च लागला की सनस्क्रीन विचारणारे वाढतात आणि माझं डोकं तापायला लागतं. उन्हानं नव्हे, माणसांच्या बोलण्यानं. घरी सांगितलं की नवरा हसतो. मला मात्र हसू येत नाही.

*

धारवाडच्या एका शाळेतल्या बाई आल्या. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून, एवढी केमिकलं म्हणजे विषच, असं म्हणत त्यांनी ती परत ठेवली. यातलं झिंक ऑक्साइड बाळाच्या पुरळावरच्या मलमातही असतं, असं मी सांगून पाहिलं. पटलं नाही. आठवड्यानं त्या गालांवर काळपट चट्टे घेऊन आल्या. मोबाइलवर बघून तोंडाला लिंबू चोळलं होतं आणि तशाच भर उन्हात बस स्टँडपर्यंत चालत गेल्या होत्या.

"पण ते नॅचरल होतं की हो!"

"ऊनही नॅचरलच आहे, बाई," मी म्हणाले, आणि त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.

*

गोकुळ रोडवरच्या कारखान्यांच्या छपरांवर पत्रे बसवणारा एक जण. मान भाजून सोललेली. डॉक्टरांनी सनस्क्रीन लिहून दिलं होतं. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि ट्यूब पेपरात गुंडाळून मागितली. बरोबरचे 'बायकांचं क्रीम' म्हणून चिडवतात म्हणे. माणसं दारूची बाटलीसुद्धा एवढी लपवून नेत नाहीत.

*

यल्लव्वा आमच्या गल्लीतले रस्ते झाडते. गालांवर वांग उठलेले. उन्हाचं मलम आहे का, तिनं विचारलं. काउंटरशी क्रीमच्या कंपनीचा एक विक्री प्रतिनिधी उभा होता. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "अक्का, हे गोऱ्या लोकांसाठी असतं. तुम्हाला नाही लागत."

धाकट्या भावाला विचारावं तसं यल्लव्वानं त्याला कन्नडमध्ये शांतपणे विचारलं, "ऊन माणूस बघून पडतंय का रे, तम्मा?"

मी त्याच्या बॅगेतली सनस्क्रीनची सॅम्पलं काढली आणि सगळी तिच्या पदरात घातली.

*

आमच्या शेजारच्या सुप्रियाचं लग्न ठरत होतं. बघायला आलेल्यांनी रंगावरून नाक मुरडलं, म्हणून आईनं तिला जुन्या हुबळीतल्या एका पार्लरमध्ये नेलं. तिथं पांढऱ्या डबीतलं मलम मिळालं. महिनाभर चेहरा उजळला. मग लाल झाला, सोलवटायला लागला. दुपारी दारात उभी राहिली तरी पोरीच्या डोळ्यांतून पाणी यायचं. कॉलेज बंद झालं. मलमात बहुधा स्टेरॉइड असावं, असं त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं.

मी डबी घेऊन पार्लरमध्ये गेले. डबीवर ना नाव, ना तारीख, ना आत काय आहे त्याचा पत्ता. यात काय आहे, म्हणून पार्लरवालीला विचारलं. तिला माहीत नव्हतं. माल असाच येतो, म्हणाली. शेल्फवर तसल्याच डब्यांची रांग होती आणि बाहेर दोन मुली थांबल्या होत्या.

"तुम्ही स्वतः लावता का हे?" मी विचारलं.

"छे हो, अक्का," ती म्हणाली. "मला रोज गिऱ्हाइकांना तोंड दाखवायचं असतं."