डेअरीच्या रांगेतली लंकाबाई

लंकाबाईवर लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि ती मला फारशी आवडते असंही नाही. तरी लिहिते. कारण राजुरीत पुस्तकांचा विषय निघाला की लोक तिचं नाव घेतात. वाचनालय सुरू केलं मी. ग्रामपंचायतीच्या माडीवरची खोली भांडून मिळवली मी. पुस्तकांच्या पिशव्या एसटीतून पुण्याहून वाहून आणल्या मी. आणि नाव कुणाचं, तर लंकाबाईचं!

चौऱ्याण्णव साली हायस्कूलातून निवृत्त झाले आणि लगेच वाचक मंडळ काढलं. दर रविवारी चार वाजता जमायचं आणि सध्या आपण काय वाचतोय ते एकेकानं सांगायचं. पद्धत मी आखून दिली होती: आधी लेखकाचं नाव, मग विषय, मग भाषा, शेवटी आपलं मत. दोन शिक्षक यायचे, एक रिटायर पोस्टमास्तर, आणि माझी शेजारीण कुशाबाई. ती महिन्यात एखादं पुस्तक वाचायची, पण रविवार कधी चुकवायची नाही.

लंकाबाई मूळची घाटघरची. सातवी झाली आणि लग्न होऊन इकडे आली. नवरा बाजीराव, थोडी जमीन, गोठ्यात दोन संकरित गाई. वाचायची ती गोठ्यातच, गाईंपुढे आंबोण ठेवून. तिनं परत केलेल्या पुस्तकाच्या पानापानांत पेंडीचा भुसा असायचा. मी ते तिच्यादेखत झटकायची. तिला काही वाटायचं नाही.

एका रविवारी ती मंडळात आली. मी विचारलं, "लेखक कोण?"

"लेखकाचं काय करायचंय बाई? त्यो काय आपल्याकडं जेवायला येणारे का?"

सगळे हसले. पोस्टमास्तर तर डोळे पुसायला लागले. मी म्हटलं, "पद्धतीनं सांगायचं तर सांग, नाहीतर ऐकत बस." ती ऐकत बसली, पुन्हा मात्र आली नाही. मला बरं वाटलं.

पण ती गप्प बसणारी बाई नव्हे. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालायला रांग लागायची. किटल्या, कॅन घेऊन बायका-माणसं उभी, पुढे टेबलाशी सेक्रेटरी सावळेराम. दूध मापायचा, फॅट काढायचा. त्या रांगेत लंकाबाई सांगायला लागली. ज्या पानापर्यंत वाचून झालं असेल तिथवर सांगायची, आणि आपला नंबर आला की थांबायची. "उरलेलं सांजच्याला," असं म्हणून किटली टेबलावर.

थोड्याच दिवसांत लोकांनी युक्ती काढली. लंकाबाईचा नंबर जवळ आला की मागची बाई ओरडायची, "सावळेराम, आधी मला घ्या!" आपलं दूध घालून ती परत ऐकायला उभी. लंकाबाई रांगेत पुढे सरकायच्या ऐवजी मागेच जायची, शेवटपर्यंत. एका उन्हाळ्यात तर तिच्याच किटलीतलं दूध नासलं. बाजीरावांनी घर डोक्यावर घेतलं. ही म्हणाली, "नासू द्या. गोष्ट न्हाई नासली."

हे मला कुशाबाईनं कौतुकानं सांगितलं, आणि सांगता सांगता म्हणाली, "रविवारी मला जमंल असं वाटत नाही हो बाई." हळूहळू दोघे शिक्षक यायचे थांबले. मग पोस्टमास्तर अर्धा लिटर दूध विकत घ्यायला रोज डेअरीवर जायला लागले. त्यांच्या घरी स्वतःची म्हैस होती.

शहाण्णव साली मी एक दोन भागांची जाडजूड कादंबरी आणली. एका वाड्यात राहून वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या दोन जावांची. लेखकानं त्यांना किती सुंदर नावं दिली होती! लंकाबाईनं पहिला भाग नेला आणि त्यांची सरळ थोरली आणि धाकली करून टाकली. वाडा काढून टाकला, तिथे कांद्याची चाळ आणली. मी घरात बसून कुशाबाईच्या तोंडून हे ऐकत होते आणि माझा जळफळाट होत होता. पहिला भाग संपतो तिथे थोरली विहिरीच्या काठावर उभी आहे आणि मागून धाकलीनं तिचा पदर धरलाय. पुढचं दुसऱ्या भागात.

लंकाबाई दुसरा भाग मागायला आली.

"मी वाचतेय," मी म्हटलं. माझा दोनदा वाचून झाला होता.

"कधी व्हईल वाचून?"

"होईल तेव्हा होईल."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि गेली. संध्याकाळी रांगेत तिनं जाहीर केलं, "म्होरलं पुस्तक बाईंकडं हाय. बाईंनाच इचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात हातात किटल्या घेऊन बायका. "बाई, थोरली वाचली का हो? तुमीच चला की सांगायला."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इस्त्रीची साडी नेसले, पुस्तक काखेत घेतलं आणि डेअरीवर गेले. सगळी रांग माझ्याकडे वळली. लंकाबाईसुद्धा. मी आधी लेखकाची ओळख करून दिली. मग म्हटलं, "थोरली वाचते. पण महत्त्वाचं ते नाही. इथे विहीर हे लेखकानं प्रतीक म्हणून वापरलेलं आहे."

"वाचली व्हय?" कुशाबाई म्हणाली. "बरं झालं बाई." आणि ती टेबलाकडे वळली.

मी प्रतीक समजावून सांगत होते. एकेक किटली टेबलावर जात होती. भाषेवर आले तेव्हा समोर चार माणसं उरली होती, माझं मत सांगायची वेळ आली तेव्हा फक्त सावळेराम. तो खूष होऊन म्हणाला, "बाई, तुमी रोज येत जा. आज लाईन लई पटापट सरकली."

मी घरी न जाता तडक लंकाबाईच्या गोठ्यावर गेले आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. दिलं म्हणजे जवळजवळ आपटलंच. "घे. आता त्यात सांगण्यासारखं काही राहिलं नाही. सगळ्यांना शेवट कळलाय."

"असू द्या," ती म्हणाली. आणि पुस्तकावरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

दोन दिवस मी तग धरला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माळ्यावरची किटली काढली, घासली आणि डेअरीवर गेले. माझ्याकडे गाय नाही, शेळीसुद्धा नाही. दूध घ्यायला आलेय असं दाखवून कडेला उभी राहिले. रांग हलत नव्हती. लंकाबाई अजून विहिरीवरच होती! तीन दिवस थोरली त्या काठावरच. पदर किनारीकडून उसवत चाललाय, धाकलीच्या मुठीत एकेक दोरा येतोय, आणि ती अजून तोंडानं एक शब्द बोलत नाही, कारण आधी बोलेल तिची हार. पुस्तकात यातलं काही नाही. लेखकानं दोन ओळींत तिला मागे ओढलंय. शेवट सगळ्यांना ठाऊक होता, मीच सांगितला होता, तरी पोस्टमास्तर श्वास रोखून उभे होते. माझ्या हातातली किटलीची कडी घामानं ओली झाली होती.

किती राग आला मला त्या बाईचा!

"लंकाबाई, तुमचा नंबर," सावळेराम ओरडला.

"अहो सावळेराम, आधी दुसऱ्या कुणाला तरी घ्या ना!" हे कोण बोललं म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. मी बोलले होते.

लंकाबाईनं मला पाहिलं, रिकामी किटली पाहिली, आणि गालात हसली. "बाई, तुमाला तर म्होरलं समदं ठावं हाय."

"असू दे ठावं," मी म्हटलं. "तू सांग."