सुलाबाईंचे सहा आकडे

सुलाबाई सरपंच झाल्या हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. निकाल लागला तेव्हा त्या तळ्यावर मेंढरांना पाणी दाखवत होत्या आणि गावात गुलाल त्यांच्या थोरल्या मुलाच्या, तानाजीच्या, डोक्यावर पडत होता. जागा बाईसाठी राखीव पडली म्हणून तानाजीनं आईचा अर्ज भरला. बायकोचा भरला असता, पण ती बारावी झालेली आणि प्रश्न विचारणारी. आईला अंगठा उठवता येत होता, तेवढं त्याला पुरेसं होतं. विजयाच्या फ्लेक्सवर तानाजी गॉगल लावून उभा आणि खालच्या कोपऱ्यात, लिंबाएवढ्या गोलात, सुलाबाई.

गावात सरपंच म्हणून हाक मारली की तानाजी वळून बघायचा. सुलाबाईंना लोक 'सरपंचाची आई' म्हणायचे. त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

मी त्यांच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेची शिक्षिका. एक खोली, एक शिक्षिका, अकरा मुलं. माझं घर सांगलीत. जत तालुक्यात बावीस वर्षं काढली, त्यातली नऊ या वस्तीवर. सोमवारी पहाटेच्या एसटीनं यायचं, जतला भाड्याच्या खोलीत राहायचं, शनिवारी परत जायचं. दर वर्षी सांगलीजवळच्या बदलीसाठी अर्ज करायचा आणि दर वर्षी यादीत स्वतःचं नाव शोधायचं. मराठी शाळा टिकली पाहिजे यावर मी पालकसभेत पाऊण तास बोलायची. माझा शौनक सांगलीत इंग्रजी शाळेत शिकला. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

ही वस्ती मेंढपाळांची. दिवाळी झाली की बिऱ्हाडं घोड्यांवर लादून मेंढरं कृष्णाकाठाला निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पूर्वी पोरंही बरोबर जायची. शाळा झाल्यापासून ती आज्या-आजोबांकडे वस्तीवर राहू लागली. सुलाबाईंच्या धाकट्या मुलानंही आपली सोनिया आईपाशी ठेवली होती. ठेवताना तो माझ्यासमोरच म्हणाला होता, "शाळा हाय तवर राहू दे. न्हाईतर मेंढरामागं माणूस लागतंच."

सोनिया दुसरीत होती. हुशार, भांडखोर, नाकात सतत बोट. सुलाबाईंचा सगळा जीव त्या पोरीत.

आता फोनचं. पंचायतीचं कुठलंही काम ऑनलाइन चढवायचं तर सरपंचाच्या मोबाइलवर सहा आकड्यांचा ओटीपी येणार, तो भरला की सरपंचाची सही झाली. आईच्या जागी बसणं, आईच्या नावानं बोलणं तानाजीनं एका दिवसात जमवलं होतं. फोन मात्र सुलाबाई देईनात. धाकटा मेंढरांमागं असला की त्या फोनवरच त्याचा आवाज यायचा. मग ओटीपी आला की सुलाबाई फोन घेऊन रस्त्यावर उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला सांगायच्या. एकदा एका टँकरवाल्यानं दोन आकडे उलटे सांगितले आणि तानाजीचं काम अडलं. त्यानं चार माणसांत आईला झापलं. म्हणाला, "आये, तुझ्यापरास मेंढरू शाणं."

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या. चपला बाहेर काढल्या आणि सोनियाच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. "बाई, मला आकडं शिकवा. अक्षरं नगंत."

मी म्हटलं, "मावशी, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो. फोन लावला की ती बाई ओरडून सांगते."

"आवं, पोटचं पोरगं म्हंजे कुणी हाय व्हय?"

मी हसले. मला अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू. सरपंचबाई माझ्या वर्गात बसली होती. मी फोटो काढला आणि केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. सत्तावीस अंगठे आले. मग मी त्यांना फळ्यावर आपले मराठी आकडे शिकवले, आठ दिवस. ते यायला लागले, तेव्हा लक्षात आलं की फोनवरचे आकडे इंग्रजी असतात. माझ्या अकलेचं दिवाळं. पुन्हा पहिल्यापासून. सोनिया आजीचं बोट धरून पाटीवर फिरवायची आणि चुकलं की हातावर चापट मारायची. सुलाबाई मुकाट्यानं खायच्या.

त्याच महिन्यात बातमी आली की कमी पटाच्या शाळा बंद होणार. वस्तीवरच्या बायका सुलाबाईंच्या दारात जमल्या. पुढच्या ग्रामसभेत सुलाबाई उठल्या. तोवर त्या सभेत कधी बोलल्या नव्हत्या. पदर घट्ट धरून एवढंच म्हणाल्या, "मी सरपंच हाय तवर वस्तीची शाळा हलायची न्हाई." बायकांनी टाळ्या वाजवल्या. तानाजीनंही वाजवल्या. तो शेजारी बसलेल्या दादासोंकडे बघत होता.

दादासो म्हणजे आमच्या भागातले पुढारी. सहा किलोमीटरवर हमरस्त्याला त्यांची शाळा, बाहेर पिवळी बस, आत दर वर्षी घटणारी मुलं. आसपासच्या वस्त्यांवरच्या शाळा बंद झाल्या तर त्यांचा पट भरणार होता. आणि तानाजीला पंचायत समितीचं तिकीट हवं होतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं, सुलाबाई सोडून.

एका मंगळवारी खिचडी उतरायच्या वेळी सुलाबाई शाळेत आल्या होत्या. फोन वाजला. त्यांना कानाला लावून नीट ऐकू येत नसे, म्हणून त्या स्पीकर लावायच्या. तानाजी होता.

"आये, मेसेज आला आसंल. आकडं सांग."

"कशाचं रं?"

"टँकरचं. वस्तीला दुसरी खेप पायजे ना?"

सुलाबाईंनी कुणाला हाक मारली नाही. सोनियानं पडद्यावर एकेका आकड्याखाली बोट ठेवलं आणि त्यांनी स्वतःच वाचलं. चार, शून्य, नऊ, नऊ, एक, सात. सावकाश, मोठ्यानं, एकही चूक नाही. पलीकडून तानाजी म्हणाला, "बरुबर," आणि फोन ठेवला.

मी वह्या तपासत होते. मी मुलांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. अकरा मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि सुलाबाई पदरात तोंड लपवून हसल्या.

दहाव्या दिवशी माझ्या मोबाइलवर आदेश आला. पंचायतीच्या ठरावानुसार शाळा बंद, मुलं दादासोंच्या संस्थेत, सरपंचांची मान्यता सोबत जोडली आहे. ठरावावर त्या मंगळवारची तारीख आणि वेळ होती. खालच्या परिच्छेदात माझी बदली होती. कुपवाड. घरापासून स्कूटरनं दहा मिनिटं.

मी तो परिच्छेद तीनदा वाचला आणि मग सुलाबाईंकडे गेले. त्यांना फक्त वरचा वाचून दाखवला.

त्या तशाच पंचायतीत गेल्या. मी मागोमाग. तानाजी त्यांच्या खुर्चीत बसला होता, ग्रामसेवक कॉम्प्युटरपाशी. वस्तीवरच्या पाच-सहा बायकाही कळल्यावर धावत आल्या होत्या. सुलाबाई म्हणाल्या, "मी सही केली न्हाई."

तानाजी शांतपणे म्हणाला, "आये, तुझीच हाय. तूच आकडं सांगितलंस."

"तू टँकर म्हणालास."

"मी कवा म्हणालो?"

ग्रामसेवकाला भांडण मिटवायचं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही होता ना तिथं? ओटीपी त्यांनीच वाचला ना? कुणी जबरदस्ती केली नाही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टँकर हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला होता. ते सांगितलं असतं तर ठराव परत सभेत गेला असता, शाळा निदान त्या वर्षी तरी राहिली असती. मग बदली रद्द होऊन मीही राहिले असते, तिथंच.

मी म्हणाले, "हो. त्यांनीच वाचला."

तेवढंच म्हणाले. एक अक्षरही खोटं नव्हतं. राहीबाई म्हणून सुलाबाईंची शेजारीण आहे, तिचे दोन नातू माझ्याकडे होते. ती सुलाबाईंकडे बघून म्हणाली, "लय शिकलीस गं." आणि बायका निघून गेल्या. त्या दिवसापासून वस्तीवर सुलाबाईंशी कुणी बोलेना. त्या हापशावर गेल्या की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या.

पिवळी बस वस्तीवर कधीच आली नाही. रस्ता खराब आहे, असं दादासोंच्या माणसानं सांगितलं, आणि रस्ता खराब होताच. तानाजीला तिकीट मिळालं. दिवाळीनंतर बिऱ्हाडं लादायला सुरुवात झाली तशी पोरंही निघाली. सोनियाला बापानं सांगितलं की तू कोकरं सांभाळायची.

शाळेचं दप्तर बांधायला मी शेवटची गेले, तेव्हा सुलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वाळल्या होत्या. मला वाटलं, सोनियाचा दाखला न्यायला आल्यात. मी लिहून ठेवलेला दाखला पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"पोरगी माझ्याकडं येत न्हाई, बाई. रातभर रडती. म्हणती, मीच बोट ठेवलं, माझ्यामुळंच शाळा गेली. पोरं बी तसंच चिडवत्यात."

मी दाखला दप्तरावर ठेवला.

"म्या तिला सांगितलं, तुझ्यामुळं न्हाई, माझ्यामुळं बी न्हाई. बाईंमुळं झालं. बाईंनीच लबाडीनं केलं सगळं. ती उद्या तुमास्नी इचारंल. तुमी न्हाई म्हणू नका."

माझं डोकं फिरलं. नऊ वर्षं मी त्या पोरांची नाकं पुसली होती. "मावशी, तुमच्या मुलानं केलं आणि नाव माझं?"

सुलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. आवाज चढवला नाही. "तानाजी टँकर म्हणाला, ते तुमी ऐकलं व्हतं. तवा गप बसला. आता बी गप बसा."

दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. मेंढरं रस्ता ओलांडत होती. सगळ्यात मागं सोनिया, काखेत कोकरू. ती माझ्यासमोर थांबली आणि तिनं विचारलं, "बाई, तुमी केलं?"

मी हो म्हणाले. तिनं खाली वाकून एका हातानं दगड उचलला आणि मला मारला. तो माझ्या पोटरीला लागला. मग ती पळत मेंढरांत गेली, आणि शाळा गेल्यापासून पहिल्यांदाच मला तिच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. एसटी आली, मी चढले, आणि जागाही खिडकीजवळची मिळाली.