मनालीला नेलेल्या गोवऱ्या

विमलबाईंनी अर्धा देश पाहिला आहे, असं वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात सगळेच मानत. मानायला कारणही होतं. त्यांचे पती पंजाबराव हायस्कुलात कारकून होते. निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून दर उन्हाळ्यात ते ओळखीपाळखीची मंडळी जमवत, एक ट्रॅव्हल्सची गाडी ठरवत आणि देशाच्या कुठल्या तरी टोकाला जाऊन येत. रामेश्वर-कन्याकुमारी झालं, जयपूर-जैसलमेर झालं, म्हैसूर-उटी झालं. बोधगया-सारनाथ तर दोनदा झालं. बैठकीच्या भिंतीवर भारताचा नकाशा होता आणि त्यावर पंजाबरावांनी लाल शाईनं प्रत्येक सहलीची रेघ ओढली होती. घरी पाहुणा आला की चहा येईपर्यंत ते त्या रेघांवरून बोट फिरवून देश समजावून सांगत. चहा विमलबाई आणत.

विमलबाईंचं माहेर इंझोरीचं. लग्नानंतर मालेगावच्या अंगणवाडीत त्या सेविका म्हणून लागल्या आणि दुसऱ्यांची लेकरं सांभाळता सांभाळता म्हाताऱ्या झाल्या. अंगणवाडीच्या भिंतीवर पेंटरनं एक डोंगर काढला होता. खाली हिरवा, वर पांढरा. एकदा एका चिमुरड्यानं विचारलं होतं, "बाई, याच्या डोक्यावर दही सांडलं काय?" विमलबाई पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "बर्फ हाय तो." "कसा रायते?" "थंडा." याहून जास्त त्यांना सांगता आलं नाही, कारण गोळेवाल्याच्या हातगाडीवरची, पोत्यात गुंडाळलेली लादी सोडली तर बर्फ त्यांनीही पाहिला नव्हता. मात्र तो कधी तरी पाहायचाच, आपल्या हातात घ्यायचा, ही गोष्ट त्या दिवसापासून त्यांच्या मनात बसली ती बसलीच.

पंजाबरावांची सहल स्वस्तात पडे, याचं गावाला मोठं कौतुक होतं. त्यामागे कसलीच जादू नव्हती. सोबत आचारी नसे, एवढंच. गाडीच्या मागच्या बाजूला परात, पातेली, कणकेची पोती आणि स्टो, पुढे पुढे गॅसची शेगडी, असा सगळा संसार भरलेला असे, आणि उतरताक्षणी कामाला लागता यावं म्हणून बायांच्या जागाही मागेच असत. मुक्कामाला गाडी थांबली की पुरुष पुढच्या दारानं उतरून पाहण्यासारखं जे असेल ते पाहायला जात आणि बाया पाणी कुठे आहे ते शोधायला जात. पुरुष परत येत, जेवत, गाडीच्या सावलीत आडवे होत. मग भांडी घासून झाली की बायांनी जाऊन यायचं. पण तोवर ड्रायव्हरचा हॉर्न वाजू लागलेला असे.

त्या वर्षीच्या सहलीची बैठक उकंडरावांच्या शेतात झाली. उकंडराव वाशीम रोडवरचे बागायतदार आणि पंजाबरावांचे जुने मित्र. बैठक म्हणजे अर्थातच रोडग्यांची पार्टी. आपल्याकडे रोडगे करायचे ते पुरुषांनी, हा शिरस्ताच आहे. जाडसर कणकेचे तेल लावून पदर घातलेले गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची आणि फोडून त्यावर तूप ओतायचं. सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. पंजाबराव या कामातले उस्ताद होते. लग्नकार्यात दोनदोनशे माणसांचे रोडगे त्यांनी एकट्याच्या देखरेखीखाली काढले होते. त्या संध्याकाळीही ते कोपरापर्यंत कणकेत बुडाले होते आणि मोठ्यानं सांगत होते, "आज बायांनी कशालेच हात लावाचा नाही. आज तुमी पाहुण्या."

बाया आंब्याखाली सतरंजीवर बसल्या होत्या. उकंडरावांच्या पत्नी गोजराबाई होत्या, दर सहलीला येणाऱ्या बेबीताई होत्या आणि मंगरूळपीरहून याच वर्षी लग्न होऊन आलेली गोजराबाईंची सून निकिता होती. निकिताची ही पहिलीच सहल. ती उत्सुकतेनं विमलबाईंना विचारू लागली.

"काकू, तुमी कन्याकुमारी पाह्यली न? कशी हाय?"

"वारा लय होता," विमलबाई म्हणाल्या. "स्टो पेटेच ना. परात आडवी धरली तवा पेटला."

"आन जैसलमेर?"

"रेती. कणीक चायली तरी दाताखाली कचकच होये."

"आन उटी?"

"तिथं दाय शिजता शिजत नव्हती बाई."

विस्तवाजवळचे पुरुष खो खो हसले. सगळ्यांत मोठ्यानं पंजाबराव हसले. "अवं पोरी, हिले काय इचारतं! हिले ताजमहाल दाखवला तरी ही इचारन, इथं गिरणी कुठी हाय?"

बायाही हसल्या. विमलबाईंना राग आला तो त्या हसण्याचा नव्हता. त्या खरोखरच समुद्र आठवायला बघत होत्या आणि त्यांना पातेल्यातलं पाणी आठवत होतं. वाळवंट आठवायला गेलं की परात पुढे येई. इतका देश फिरून आपल्याजवळ काय उरलं, याचा त्यांनी त्या आंब्याखाली बसून पहिल्यांदाच विचार केला. जे हाती लागलं त्यानं त्यांच्या कानशिलांत आग पेटली.

पंगत बसली. पुरुष वाढत होते. पंजाबरावांनी स्वतः फडक्यानं राख झटकून विमलबाईंच्या पत्रावळीवर रोडगा फोडला आणि वर सढळ हातानं तूप सोडलं. "पंजाबराव, तुमच्या हाताची चव वाशीम जिल्ह्यात नाही," उकंडराव म्हणाले. पंजाबराव सुखावले, हात पुसत मधोमध उभे राहिले आणि त्यांनी बेत जाहीर केला. इंदूर, जयपूर, दिल्ली आणि तिथून थेट मनाली.

"औंदा बर्फ पाहू! आन सयपाकाचं नेहमीसारखंच. विमल पाहून घेईन. गोजरावहिनी, बेबीताई हायेतच. निकिता नवीन हाय, तरणी हाय, पोया तिच्याकडं."

निकिताचा घास हातातच राहिला. ते विमलबाईंनी पाहिलं.

"माहं नाव काढा त्यातून," त्या म्हणाल्या.

"कायच्यातून? सहलीतून?"

"सयपाकातून. सहलीले मी येणार हाय. बर्फ पाहाले येणार हाय. लाटणं हाती घेणार नाही."

"मंग सयपाक कोण करन?"

"हे आत्ता जेवून राह्यले, ते कोनं केलं?"

उकंडरावांनी मध्यस्थी करायला पाहिलं. "वहिनी, रोडग्याची गोष्ट येगळी हाय. ते गड्याचं काम हाय."

"कणीक तेच न भाऊजी? हात तेच न? शेतात जमते, लग्नात जमते, मंग गाडीत बसल्यावर हाताले काय होते तुमच्या?"

"विमल," पंजाबराव दबक्या आवाजात म्हणाले, "चारचौघांत..."

"चारचौघांतच सांगतो. जयंतीले स्टेजवर चढून समता समता करता. आपल्या गाडीत सगळ्या जातीचे एकाच पातेल्यातलं खातात म्हणता. खोटं नाही ते. आमच्या बापजाद्याले हे भेटलं नव्हतं, मले कदर हाय त्याची. पण ते पातेलं घासते कोण, हे तुमच्या भाषणात मी एकदाही ऐकलं नाही."

गोजराबाईंना हे मुळीच रुचलं नाही. "असं काय करतं व! आपल्या हातचं नाही त काय हाटेलातलं खातीन हे? माह्या मालकाले पोटाचा तरास."

"तुह्या मालकासाठी तू कर बाई. मी तुले अडवत नाही. मले कोणी जुपू नये, एवढंच."

पंजाबरावांचा चेहरा विस्तवासारखा झाला होता. "ठीक हाय," ते गरजले. "पोया आमी लाटणार नाही. रोडगे करू. मनालीपर्यंत रोडगेच. खाजा मंग!"

"खाईन," विमलबाई म्हणाल्या आणि पत्रावळीवरचा रोडगा त्यांनी शांतपणे संपवला.

पंजाबराव रागात बोलून गेले होते. पण बोलले होते पंगतीत, आणि तेही रोडग्याबद्दल. मागे फिरणं आता शक्य नव्हतं. पुढचे कित्येक दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. विमलबाई विरघळतील म्हणून त्यांनी वाट पाहिली. विमलबाईंनी मात्र बाजारातून एक जाड स्वेटर आणला आणि तो त्यांना दिसेल असा खुंटीवर टांगला. तेव्हा कुठे पंजाबराव उकंडरावांकडे गेले आणि गोवऱ्यांची पोती भरून घेऊ लागले.

उकंडरावांचा मुलगा हरीओम डोकं खाजवत म्हणाला, "काका, हिमाचलात गाई नसतात काय? गोवऱ्या कायले वाहून न्याच्या?"

"तिथल्या गोवरीचा काय भरोसा?" पंजाबराव म्हणाले. "आपली आपल्याले बरी."

मे महिन्यात गाडी निघाली, ती टपावर गोवऱ्यांची पोती आणि त्यांवर ताडपत्री घेऊन. विमलबाई सर्वांआधी चढल्या आणि ड्रायव्हरमागच्या खिडकीशी बसल्या.

"ही माही जागा हाय," पंजाबराव म्हणाले. "डायवरले रस्ता सांगा लागते."

"मांगून सांगा. सयपाक झाला म्हणून मी मांगून वरडो, तर तुमाले पुढं ऐकू येये न?"

ते मागे जाऊन परातीशेजारी बसले.

इंदूरला रोडगे झाले. त्यांचं कौतुक झालं. पुढच्या मुक्कामीही रोडगे झाले. जयपूरला लोकांचे जबडे दुखू लागले आणि आमेरच्या किल्ल्यापेक्षा पोट साफ होण्याची चर्चा जास्त रंगली. तिथे गोजराबाईंनी गाडीआड गॅस पेटवून नवऱ्यापुरत्या चार पोळ्या लाटल्या. दिल्लीपर्यंत त्या पोळ्यांना इतके वाटेकरी झाले की गोजराबाई स्वतःच चिडल्या आणि त्यांनी लाटणं पिशवीत बांधून ठेवलं. विमलबाई यात कुठेच पडल्या नाहीत. ताट वाढलं की जेवत आणि उरलेला वेळ बाहेर पाहत.

मनालीला रात्री पाऊस झाला. सकाळी ताडपत्री काढली तेव्हा ती एका कडेला फाटलेली दिसली. गोवऱ्या नुकत्याच थापल्यासारख्या ओल्या झाल्या होत्या. वर बर्फाकडे नेणाऱ्या जीपगाड्या येऊन उभ्या होत्या आणि पंजाबराव धुरात बसून फुंकणीनं जीव काढत होते. एवढ्या माणसांचं दुपारचं जेवण त्यांच्या डोक्यावर होतं. विमलबाई निकितासोबत जीपकडे निघालेल्या पाहून ते उठून आले. डोळे लाल झाले होते, आवाज मात्र कधी नव्हे एवढा मऊ होता.

"विमल, जराशी थांबतं काय? पोया तेवढ्या टाकून दे गॅसवर. संध्याकाळी जाऊ बर्फावर. दोघं."

विमलबाईंचा एक पाय जीपच्या पायरीवर होता. नवरा असं बोलल्यावर त्यांचं मन हललं नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. कन्याकुमारीला स्टोशी झगडताना हेच शब्द त्यांनी ऐकले होते. संध्याकाळी जाऊ, दोघं. ती संध्याकाळ भांडी घासण्यात गेली होती.

त्यांनी दुसरा पाय उचलला आणि जीपमध्ये बसल्या.

वर पोचल्यावर निकिता लहान मुलीसारखी पळत सुटली. विमलबाई सावकाश चालत गेल्या, वाकल्या आणि त्यांनी मूठभर बर्फ उचलला. मिठासारखा आहे, असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, पिठासारखा. त्यांना स्वतःचाच संताप आला. मीठ आणि पीठ! इथेही स्वयंपाकघर पाठ सोडीना. त्या तशाच उभ्या राहिल्या. मुठीतला बर्फ वितळून मनगटावरून स्वेटरच्या बाहीत ओघळ गेला, बोटं बधिर झाली, तरी त्या समोर पाहत राहिल्या. हळूहळू मीठ गेलं, पीठ गेलं. नुसता डोंगर उरला. तो अंगणवाडीच्या भिंतीवरच्या डोंगरासारखा अजिबात नव्हता, किंवा दुसऱ्या कशासारखाही नव्हता.

राग आता निवेल असं त्यांना वाटलं होतं. तो निवला नाही. उलट आत्ता कुठे त्याचं माप कळलं. म्हणजे समुद्रही असाच असणार. वाळवंटही असंच असणार. ते सगळं तिथंच, हाकेच्या अंतरावर होतं आणि आपण त्याच्याकडे पाठ करून पोळ्या उलटत होतो.

दुपारी त्या खाली आल्या. अर्धेकच्चे, अर्धे करपलेले रोडगे टोपलीत पडले होते आणि पंजाबराव डोळे चोळत बसले होते.

"कसा होता बर्फ?" त्यांनी विचारलं.

"घरी गेल्यावर भिंतीवरचा नकाशा काढा," विमलबाई म्हणाल्या. "माह्यासाठी नवा कोरा आणा. त्यात मनालीची रेघ मी मारीन. पुढच्या साली कन्याकुमारी. मंग जैसलमेर. मंग उटी."

"अवं, ते तर झालं सगळं!"

"तुमचं झालं. मी कुठी गेलती तिथं?"

पंजाबरावांनी फुंकणी विझलेल्या गोवऱ्यांवर टाकली. मग रडवेल्या सुरात म्हणाले, "आन माहा बर्फ? मी तर धूरच पाह्यला न इथं येऊन."

"जाऊ न," विमलबाई म्हणाल्या. "संध्याकाळी जाऊ. दोघं."

एवढं बोलून त्यांनी पत्रावळ घेतली, पंगतीत पहिल्या जागी मांडी घातली आणि मोठ्यानं विचारलं, "चला, जेवाले वाढा. काय काय केलं?"