माझ्या जागी यवतची बाई

पुणं सोडून आम्ही खुटबावला शेतावर राहायला आलो त्याला दुसरं वर्ष लागलं होतं, आणि मी रोज नवऱ्यावर चिडत होते. शांतता हवी म्हणून आलो ना? इथे शेजारच्या काकीला सगळ्याची चौकशी. भाजी कसली केली, दळण कुठून आणलं, माहेरी कोण आजारी आहे! पुण्यात दहा वर्षांत समोरच्यांनी मला नावसुद्धा विचारलं नव्हतं. किती बरं होतं!

त्यात कांद्याची लागण आली. वेळेवर मजूर मिळत नाहीत म्हणून इथल्या बायका सावड करतात. सगळ्याजणी मिळून आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, परवा तिसरीच्या. काकीनं मला त्यात ओढलं. काकी धरून सहाजणी आल्या आणि दिवसभरात आमचं अर्धं रान लावून गेल्या. मग फेड सुरू झाली. पहिल्या दिवशी काकीच्या रानात उकिडवी बसून लावत राहिले, तर संध्याकाळी मला उभंच राहता येईना. दुसऱ्या दिवसापासून मी शहाणपणा केला. यवतची एक बाई रोजानं ठरवली आणि पुढच्या चार रानांत माझ्या जागी तिला पाठवलं. माझ्या दुप्पट वेगानं लावायची ती. कुणाचं काय बिघडलं?

आमच्या उरलेल्या अर्ध्या रानासाठी सोमवारी सगळ्या आमच्याकडे येणार होत्या. रविवारी रोप उपटून, जुड्या बांधून ओल्या पोत्याखाली ठेवलं. सोमवारी दहा वाजले तरी कुणी नाही. फोन केला तर एकीला ताप, एकीकडे पाहुणे. मंगळवारी तेच. यवतची बाई दुसरीकडे अडकलेली. रोप पिवळं पडायला लागलं. हा कांदा गेला तर परत पुणं, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण मला रडूच कोसळलं.

तणतणत काकीकडे गेले. "मी माणूस पाठवत होते की रोज! एक तरी खाडा केला का?"

काकी ज्वारी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाठवलंस, व्हय. पर आमी तुझ्या रानात आलो तवा आमच्या जागी कुणाला धाडलं व्हतं का? माझी कंबर दुखत न्हाई व्हय? आन् तू आमाला मजूर समजलीस."

मला स्वतःचाच भयंकर राग आला.

"उद्या शेवटचं रान हाय, वढ्यापल्याड," ती म्हणाली. "यायचं तर ये."

"आणि माझं रोप? मरेल ना ते!"

"मरंल," काकी म्हणाली आणि पाखडत राहिली.

देवासमोर उभी राहणारी बाई मी कधीच नव्हते. बुधवारी सकाळी मात्र पोत्यावर पाणी मारताना हात आपोआप जोडले गेले. बघ बाबा तूच, मला काही सुचत नाही. रोप तसंच टाकून मी ओढ्यापलीकडे दुसरीच्या रानात गेले. "वैनी, चार बोटांवर लावा, तुमची गाडी लावायची न्हाई हितं!" बायका खिदळत होत्या. माझ्या रोपाचं कुणी नावही काढलं नाही. मीही काढलं नाही.

घरी येऊन जुड्या सोडल्या, तर निम्म्याच्या वर रोप कुजलेलं. नवरा म्हणाला, "संपलं मग." मी हो म्हणाले आणि न जेवता झोपले.

गुरुवारी उजाडायला बाहेर गलका झाला. दार उघडलं तर सहाजणी उभ्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर आपापल्या घरच्या उरलेल्या रोपाचं गाठोडं. "बगत काय बसलीस? ऊन व्हायच्या आत बस की!" काकी माझ्यावर खेकसली. मी वाफ्यात बसले आणि चिखलाच्या हातांनी डोळे पुसत लावत राहिले. पुन्हा हात जोडले, पण या वेळी मागायला काही उरलं नव्हतं. इतकं सुखी मला पुण्यात कधी वाटलं नव्हतं, आणि कंबर तर आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत होती.

कांदा निघाला तो लाल, गुलाबी, फिका, सगळा एकात एक. शिरूरच्या बाजारात व्यापाऱ्यानं ढिगात हात घातला आणि तोंड वाकडं केलं. "काय ओ ताई, एका रानात किती जातीचा कांदा हा?"

"सहा घरचा आहे," मी म्हणाले. "घ्यायचा तर घ्या."