दारावरचं साल

एकाहत्तरच्या लढाईत माझी नेमणूक पलटणीच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत होती. हुद्दा नाईक, काम मेकॅनिकचं. शत्रूने टाकून दिलेल्या विलायती व्हॅन आमच्याकडे येत. कागदपत्रं नसत. मी गाडी ओळखायची आणि तिचं साल खडूने दारावर लिहायचं. त्या सालाप्रमाणे स्टोअरमधून सामान निघे. लिहिलेलं साल पुन्हा कुणी तपासत नसे.

खात्रीची ओळख म्हणजे चेसिसवर ठोकलेला नंबर. त्यासाठी गाडीखाली शिरून चिखल खरवडावा लागे. घाईत मी नुसती पुढची काच बघायचो. दोन तुकड्यांची काच म्हणजे जुनी गाडी, अखंड काच म्हणजे नवी.

डिसेंबरात अखंड काचेची एक व्हॅन आली. पुढच्या चौकीवरून जखमी आणायचे होते. ड्रायव्हर शिपाई बापू, जेऊरचा. मी सोलापूरचा. जिल्हा एक, पण आमचं पटत नसे.

"नाईकसाहेब, चादरी इनायच्या सोडून तुमी गाड्या कवापासनं वळखाय लागला? नंबर बगितला का?"

"तू स्टिअरिंग धर. मला शिकवू नको."

मी दारावर नव्या गाडीचं साल लिहिलं, ५४. त्या सालाची ब्रेकची रबरं आली. बसवताना जरा सैल वाटली.

सुभेदारसाहेबांनी विचारलं, "गाडी तयार?"

"तयार, साहेब."

दुपारी वायरलेसवर निरोप आला. "व्हॅन उतारावरून नाल्यात. ड्रायव्हर ठार. दुसरी गाडी पाठवा. ओव्हर."

व्हॅन ओढून आणायला मीच गेलो. मडगार्ड फाटून चेसिस उघडी पडली होती. नंबर जुन्या गाडीचा. कुणीतरी तिला नव्या गाडीचं तोंड बसवलं होतं. दारावर माझं अक्षर शाबूत होतं. चौकशीत ब्रेक निकामी एवढीच नोंद झाली. मी गप्प राहिलो.

पेन्शन घेतल्यावर सोलापुरात सात रस्त्याजवळ गॅरेज टाकलं. मग जेऊरला गेलो. बापूच्या थोरल्या भावाला सगळं सांगितलं. त्याने बसा म्हटलं नाही.

"इतकी वरसं कुटं व्हता?"

त्यानेच पुढे विचारलं,

"नंबर बगितला का, आसं त्यानं इचारलं व्हतं न्हवं?"

"हो."

"मग त्याला सांगा की. मला कशाला सांगता? पुन्हा हितं यायचं न्हाय."

मी परत गेलो नाही.

जुनी विलायती व्हॅन आली की मी आधी खाली शिरतो. गिऱ्हाईक बाहेरून ओरडतं, "अहो, काच बघून सांगा की!" मी खरवडत राहतो. नंबर सापडला की मोठ्याने वाचतो. गिऱ्हाईकाला वाटतं, त्याच्यासाठी.