पाच पोरांची आई

आता काय लपवायचं तुमच्यापासून! काळेवाडीच्या मासळी बाजारात मी एके काळी पाच पोरांची आई होते. तेही लग्नाआधी!

तेव्हा आमची लॅब म्हणजे चिंचवडच्या एका गाळ्यातल्या दोन खोल्या. आता चाकणला काचेची इमारत झालीय, पण ती मजा नाही राव. माशाच्या कातडीतून कोलॅजन नावाचं प्रथिन काढायचं, त्याची पातळ पट्टी करायची, आणि भाजलेल्या जखमेवर लावली तर खालून नवी त्वचा धरेल का, ते शोधायचं. कातडी आणायला मी. लातूरची, शुद्ध शाकाहारी!

पहिल्याच दिवशी शकीलचाचांच्या दुकानात म्हटलं, "चाचा, मासा नको. नुसती कातडी द्या."

चाचा बघतच राहिले. "बेटा, पोरं किती हायत?"

मला वाटलं, लॅबमधल्या पोरांचं विचारतायत. "पाच. बिचारी दिवसभर कातडीवरच असतात."

"या अल्लाह! आन् तुझे साहेब?"

"ते परदेशात. महिन्यातून एकदा फोन करतात."

चाचांनी डोळे पुसले. मी म्हटलं, शेजारी कुणी कांदा चिरत असेल!

दुसऱ्या दिवसापासून कातडीबरोबर डबा यायला लागला. चाचींच्या हातची मसुराची खिचडी! अजून चव जिभेवर आहे. मला वाटलं, रोजच्या गिऱ्हाइकाचा मान असेल. लॅबमधली पोरं तुटून पडायची. मीही बिनधास्त सांगायचे, "चाचा, पोरांना काल पुरलं नाही हो!"

मग एकदा शेजारची कोळंबीवाली फातिमाबी गाठोडं घेऊन आली. "पोरांना होतील बघ." उघडलं, तर आत इवल्या इवल्या चड्ड्या!

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. "अहो, ती पोरं पंचविशीची आहेत! इंजिनियर आहेत!"

अख्खी रांग हसत सुटली. मी लाजेनं अर्धमेली. दुसऱ्या दिवशी तयार पट्टी नेऊन चाचांच्या हातात ठेवली आणि सगळं समजावलं. चाचांनी ती उजेडात धरली. चेहरा असा फुलला म्हणून सांगू!

"आपल्या रोहूची? किती जणांना लावली?"

"अजून कुणालाच नाही. आधी चाचण्या, मग परवानग्या. बरीच वर्षं लागतील."

"तवर विकायची न्हाई?"

"नाही."

चाचांनी पट्टी हलकेच परत दिली आणि मागच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, डबा बंद करू नको! पोरगी खरंच अडचणीत हाय!"